पांढऱ्या ठिपक्यांचे परब मिस्त्री

परब मिस्त्रींच्या खोलीत चहा प्यायला बसलं की कप उचलण्याआधी नीट बघून घ्यावं लागे. कपाच्या दांडीखाली एक पांढरा ठिपका असे आणि बशीच्या काठावर दुसरा. चहा पिऊन झाला की ठिपक्यासमोर ठिपका येईल असाच कप परत ठेवायचा. चुकून दांडी भलत्या दिशेला गेली तर मिस्त्री रागावत नसत. बोलता बोलता हात पुढे करून ते कप सरळ करत आणि मगच अडलेलं वाक्य पुरं करत.

ठिपके ऑइलपेंटचे. पेंटची एक चपटी डबी आणि काडीला कापूस गुंडाळून केलेला ब्रश त्यांच्या खाकी शर्टाच्या खिशात कायम असे, इतरांच्या खिशात पेन असतं तसा. डाळीच्या डब्याला ठिपका, त्याच्या झाकणाला ठिपका. कुलपाला, किल्लीला, स्टोव्हच्या तिन्ही पायांना. छत्री मिटून बंद लावायचा तिथेही दोन ठिपके. कुणी हसलं तर मिस्त्री एवढंच विचारत, “उघडताना सगळेच शहाणे असतात रे. लावताना काय करशील?”

मी बी.ए. होऊन कऱ्हाडहून मुंबईला आलो तो अंधेरीच्या पूर्वेकडच्या एका बैठ्या चाळीत, मिस्त्रींच्या शेजारच्या खोलीत. आमच्या घराण्यात कॉलेजात जाऊन पास झालेला पहिला मीच. वडील हायस्कुलात शिपाई. ज्या शाळेची घंटा त्यांनी वाजवली त्याच शाळेत मी शिकलो, आणि हेडमास्तरांपासून वाण्यापर्यंत ज्याने त्याने मदत केली म्हणून पुढे गेलो. पहिल्याच दिवशी ही सगळी हकिगत मी मिस्त्रींना सांगितली. त्यांनी ऐकून घेतली आणि विचारलं, “बीए म्हणजे नक्की काय उघडून बघितलंस?”

“मराठी आणि संस्कृत,” मी म्हणालो.

“परत लागलं का?”

त्या दिवसापासून ते मला ‘बीए’ म्हणू लागले. माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, याची मला बरेच दिवस शंका होती.

मिस्त्री मूळचे कणकवलीकडचे. मुंबईत उभा जन्म गेल्यामुळे बोलणं मुंबईचं झालेलं, पण राग आला की गावची भाषा वर येई. बायको फार पूर्वी वारली होती. स्वयंपाक स्वतः करत आणि चांगला करत. चाळीत कुणाकडे काही बिघडलं, शिवणयंत्र असो की पिठाची चाळणी, की मिस्त्रींना हाक जाई. ते येत, डबी काढत, आधी सगळीकडे ठिपके देत आणि मगच पाना लावत. “आधी खूण, मग पाना,” हा त्यांचा मंत्र होता. ढेकूण झाले म्हणून चाळीतल्या खाटा अंगणात सोडवून उन्हात टाकल्या, त्या दिवशी संध्याकाळी सगळ्यांच्या खाटांचे पाय एकमेकांत मिसळले आणि आठवडाभर अख्खी चाळ डुगडुगत झोपली. मिस्त्रींची खाट मात्र पाच मिनिटांत उभी राहिली होती.

एकदा दाढ दुखायला लागली तर हा माणूस गालावर पांढरा ठिपका लावून दातांच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टर रागावले. मिस्त्री म्हणाले, “साहेब, तुमच्यावर विश्वास आहे. पण आतून सगळ्या सारख्याच दिसतात ना?” न्हाव्याकडे बसले की कात्री लागण्याआधी विचारत, “भांग कुठे होता, बघून घेतलास?” डोक्यावर केस जेमतेम मूठभर. न्हावी गंभीरपणे “बघितला” म्हणे, तेव्हाच मान खाली जाई.

त्यांचं गॅरेज साकीनाक्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. गॅरेज म्हणजे भेंडीच्या मोठ्या झाडाखाली एक पत्र्याची शेड, एक लाकडी बाक आणि पाने ठेवायची फळी. प्रत्येक पान्याची जागा फळीवर पेंटनं आखलेली. शेजारी मरोळच्या पेद्रूचं पंक्चरचं दुकान. पेद्रू आणि मिस्त्री यांचं वैर जुनं आणि रोजचं, म्हणजे दोघांचा वेळ छान जाई. मिस्त्रींची एक बढाई त्या रस्त्यावर सगळ्यांना पाठ होती: “बावीस वर्षं झाली, ह्या हातातून टायमिंगची चेन सरकलेली नाही.” ते हे सांगू लागले की पेद्रू रबर घासता घासता म्हणे, “मिस्त्री, माणूस हाय तू, मशीन नाय. एक दिवस सरकंल. आनी मी हितंच बसलेला असन.”

“बस. म्हातारा होशील.”

“झालूच हाय!”

चेन म्हणजे काय, ते मिस्त्रींनी मला एकदा समजावून दिलं होतं. इंजिनात पिस्टन वरखाली होतो. त्याच्या डोक्यावर दोन झडपा असतात. एक आत घेणारी, एक बाहेर सोडणारी. झडपांना ते वाल्व्ह म्हणत. पिस्टनच्या दांड्यावर एक दातेरी चाक, वाल्व्ह हलवणाऱ्या दांड्यावर दुसरं, आणि दोन्ही चाकांवर मिळून एक चेन. सायकलला असते तशी. “आता बघ,” मिस्त्री म्हणाले, “पाहुणा दारात आला आणि दार उघडलं, तर घर चाललं. चेन एक दात इकडची तिकडे झाली, की पाहुणा येतो तेव्हा दार बंद, आणि दार उघडतं तेव्हा तो कोपऱ्यावरून वळलेला. मग घरात आदळआपट.” संस्कृतच्या प्राध्यापकांनीही मला कधी इतकं स्वच्छ काही सांगितलेलं आठवत नाही.

मी साकीनाक्याजवळ पत्र्याचे डबे बनवणाऱ्या एका कारखान्याच्या ऑफिसात कारकून होतो. सहा महिने उमेदवारी. त्यानंतर कायम करायचं की घरी पाठवायचं, हे मॅनेजर गुप्तेसाहेबांच्या हातात. सहावा महिना संपत आला होता आणि माझा कागद त्यांच्या टेबलावर पडून होता. माझ्याबरोबर लागलेल्या दोघांपैकी एकाला त्याच आठवड्यात घरी पाठवलं होतं. अशात साहेबांच्या काळ्या विलायती गाडीतून खडखड ऐकू यायला लागली. मी उत्साहानं पुढे झालो आणि म्हणालो, “साहेब, आमच्या शेजारी एक मिस्त्री आहेत. चुकत नाहीत.”

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. “कोणीच चुकत नाही असं नसतं. पण तुमच्या शब्दावर देतो. सोमवारी सकाळी भाचीच्या लग्नाला पुण्याला निघायचंय. रविवारी चार वाजता गाडी पाहिजे.” आणि हसून म्हणाले, “गाडी मार्गाला लागली की तुमचाही कागद मार्गाला लावू.”

ते हसले, म्हणून मीही हसलो. रात्री झोप लागली नाही.

रविवारी सकाळी आठ वाजताच मी गॅरेजवर हजर झालो. मिस्त्री म्हणाले, “तू कशाला? तुझं काय काम?”

“बसतो नुसता.”

त्यांनी रेडिएटर उतरवला, पुढचं झाकण काढलं. जुनी चेन ढिली होऊन झाकणाला आतून घासत होती, तीच खडखड. कंपनीनं चाकांवर कोरलेल्या खुणा असतात म्हणे, पण वरचं चाक पूर्वी कुणीतरी बदललेलं होतं आणि त्यावर खूणच नव्हती. मिस्त्रींनी “गाढव” असा त्या अज्ञात कारागिराचा उल्लेख केला. मग पिस्टन बरोबर वर आणला, डबी काढली, आणि श्वास रोखून दोन्ही चाकांवर समोरासमोर दोन ठिपके दिले. ते सुकेपर्यंत एक विडी ओढली. त्यानंतर चाकं आणि चेन एकदम बाहेर काढून गोणपाटावर ठेवली.

“नवी चेन आणली आहे, पण झाकणाचं पॅकिंग फाटलं. मी अंधेरी स्टेशनपर्यंत जाऊन येतो. तू बस. काही उचलू नको.”

ते गेले. मी बसलो. आणि मला वाटू लागलं की हा माणूस आपल्यासाठी रविवारी राबतोय आणि आपण बाकावर बसून पाय हलवतोय. घरी असं कधी बसू दिलं नव्हतं. समोर ती दोन चाकं, काळ्या ओशट चिखलानं माखलेली. बाजूला रॉकेलचा डबा आणि ब्रश. मी उचललं काहीच नाही. जागेवरच, अगदी दाताच्या फटीफटीतून, अर्धा तास मन लावून दोन्ही चाकं धुतली. चिखलाबरोबर काही पांढरंही निघालं. ते निघायला जरा वेळ लागला, पण मी चिकाटी सोडली नाही. शेवटी स्वतःच्या रुमालानं पुसली. चाकं अशी चमकली की मला माझा अभिमान वाटला.

मग इंजिनाच्या तोंडाशी दिसणारी दांड्यांची दोन टोकंही पुसून घ्यावीत असं वाटलं. वरच्या टोकाला फडकं लावलं मात्र, तो दांडा आतल्या स्प्रिंगांच्या जोरानं आपणहून ‘कट्’ करून फिरला. मी घाबरून त्याला परत फिरवला. किती फिरवला ते आता देवालाच ठाऊक.

मिस्त्री आले ते पॅकिंग हातात धरून. गोणपाटाजवळ थांबले. एक चाक उचललं, उलटं केलं, सुलटं केलं. दुसरं उचललं. मग माझ्या रुमालाकडे बघितलं.

“बीए.”

“धुऊन ठेवली,” मी म्हणालो. “उचलली नाहीत.”

मिस्त्री बाकावर बसले. मग एकदम मालवणी सुरू झाली. “अरे मेल्या, चकचकीत करून माका काय दाखवतंस तां? ठिपको खंय गेलो? तां घाण न्हवती रे, ती खूण होती!”

मला तेव्हा कळलं. पायांखालचा साकीनाका सरकला. मी दांड्याचंही सांगितलं, कारण आता लपवण्यात अर्थ नव्हता. मिस्त्रींनी डोळे मिटले.

“किती वाजले?”

“साडेदहा. मिस्त्री, साहेबांना मी सांगतो. माझी चूक आहे. नोकरी जायची तर जाईल.”

“सांगशील मगे. आधी टायमिंग शोधू.” आणि ते उठले. पण डबीला हात लावला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच खुणेशिवाय काम करायचं होतं, आणि त्यांच्या हाताला सवय नव्हती हे मला दिसत होतं. पाना उचलला, तो फळीवरच्या भलत्याच आकृतीत ठेवला. अशी वेळ मी त्यांच्यावर आणली होती.

पिस्टन अजून माथ्यावर आहे की हलला ते पडताळायला पहिली गरज होती एका सरळ, बारीक तारेची. ती फक्त पेद्रूकडे. मिस्त्री त्याच्या दुकानापाशी जाऊन दुसरीकडे बघत उभे राहिले. “एक स्पोक दे.”

“सायकल घ्येतली?”

“स्पोक दे. तोंड चालवू नको.”

पेद्रूनं स्पोक दिला आणि पाठोपाठ स्वतःचं स्टूल उचलून आमच्या शेडसमोर आणून बसला. बावीस वर्षं वाट बघितलेला माणूस, त्याला घालवणार कोण?

मिस्त्रींनी पहिला प्लग काढला आणि भोकातून स्पोक आत सोडला. खाली गाडी चालू करायचं हँडल हळू फिरवलं की स्पोक वर चढे. “बघ, आणि वर टेकला की सांग.” मी सांगितलं. “नक्की?” मी म्हणालो, “वर आल्यावर जरासा थांबतोच तो. त्यात नक्की कुठलं?” मिस्त्री पहिल्यांदाच माझ्याकडे जरा कौतुकानं बघत म्हणाले, “हां! तोच घोळ असतो. माथ्यावर गेल्यावर कुणालाच आपला माथा कळत नाही. म्हणून चढताना स्पोक एवढा वर आला तेव्हा चाक कुठं होतं ते बघायचं, उतरताना परत तेवढाच खाली आला तेव्हा कुठं ते बघायचं, आणि मध्य काढायचा.” इंजिनाच्या पुढच्या, हँडलबरोबर फिरणाऱ्या मोठ्या चाकावर त्यांनी खडूनं दोन रेघा मारल्या. मी माझ्या शर्टाच्या शिवणीतला दोरा काढला, दोन रेघांमध्ये धरला, दुमडला आणि मध्य दाखवला.

“बीए झालास त्याचा उपयोग झाला,” मिस्त्री म्हणाले. ते मनापासून म्हणाले की कसं, मला कळलं नाही. पण मला बरं वाटलं.

आता वाल्व्ह. पेद्रूच्या सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद फाडून मिस्त्रींनी दोन पट्ट्या केल्या आणि दोन वाल्व्हच्या फटीत एकेक घातली. वाल्व्ह उघडा असला की फट मिटते आणि पट्टी धरली जाते, बंद असला की ती सुटते. बाहेर सोडणाऱ्या वाल्व्हची पट्टी सुटता सुटता आत घेणाऱ्याची धरली जायला हवी. बरोबर त्या जागी दांडा थांबवायचा. पट्ट्या माझ्या दोन हातांत, दांडा त्यांच्या हातात.

“धरली.”

“दुसरी?”

“तीपण धरली.”

“दोन्ही कशा धरतील रे? ओढतोयस काय? म्हैस बांधल्यासारखी धरू नको. नुसती जाणव.”

पेद्रू स्टुलावरून म्हणाला, “मिस्त्री, पोराला पोरगी बघायला नेल्यासारखा करतंय तू.”

अशा पाचपंचवीस फेऱ्या झाल्यावर ती जागा सापडली. चेन चढवली, चाकं बसवली, झाकण, रेडिएटर, पाणी. चाराला पाच मिनिटं कमी असताना मिस्त्रींनी हँडल मारलं.

फाट्! कार्ब्युरेटरमधून धूर, भेंडीवरचे कावळे उडाले आणि पेद्रू स्टुलासकट मागे सरकला. नेमक्या त्याच क्षणी गुप्तेसाहेब टॅक्सीतून उतरले. पांढऱ्या शुभ्र बुशशर्टात.

“हे काय चाललंय?” साहेबांनी आधी गाडीकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. “तुम्ही म्हणाला होतात, चुकत नाहीत.”

“साहेब, यात त्यांची…” मी सुरुवात केली.

माझ्या पायावर मिस्त्रींचा बूट पडला. चांगला जोरात.

“चेन सरकली, साहेब,” मिस्त्री म्हणाले. “माझ्या हातून. एक दात चुकलाय. तास दीड तास लागेल. ह्यांना काही बोलू नका. हे सकाळी आठपासून माझ्या मानगुटीवर बसलेत, साहेबांची गाडी वेळेवर पाहिजे म्हणून. जेवलेसुद्धा नाहीत.”

पेद्रूचं तोंड उघडं राहिलं. त्यानं माझ्याकडे बघितलं. सगळं त्यानं ऐकलेलं होतं, ‘ठिपको खंय गेलो’ तेसुद्धा. मला वाटलं, आता हा बोलणार. पेद्रू स्टुलावरून उठला आणि स्टूल साहेबांसमोर ठेवून म्हणाला, “बसा साहेब. चहा मागवतंय.”

झाकण परत उघडलं. चेन एक दात मागे घेतली. हँडलनं इंजिन दोन पूर्ण फेरे हळू फिरवून कुठं काही अडत नाही ना ते बघितलं, मग झाकण लावलं. साडेपाचला हँडल मारलं तर इंजिन असं लागलं की साहेबांना ते चालू झाल्याचं बॉनेटवर हात ठेवल्यावर कळलं. खडखडीचं नाव नाही. साहेब गाडीत बसले. जाताना मिस्त्रींना म्हणाले, “उशीर केलात, पण काम चांगलं आहे.” आणि मला म्हणाले, “जेवून घ्या.”

गाडी वळणावर गेल्यावर मी म्हणालो, “साहेब पुण्याहून आले की मी त्यांना खरं सांगणार.”

“सांग. म्हणजे माझ्या नावावर दोन गोष्टी होतील. चेन सरकली ती एक, आणि साहेबाच्या तोंडावर खोटं बोललो ती दुसरी.”

“पण तुमची बावीस वर्षं…”

“तेविसाव्याला सुरुवात झाली,” मिस्त्री म्हणाले आणि हात धुवायला गेले.

ही बातमी पेद्रूनं दुसऱ्या दिवशी रस्ताभर केली. पण त्यानं ती मिस्त्रींनी सांगितली तशीच सांगितली. कुणी टॅक्सीवाला थांबून विचारी, “काय मिस्त्री, चेन सरकली म्हणे?” मिस्त्री गाडीखालून म्हणत, “सरकली.” एवढंच. बढाईचं वाक्य त्यानंतर मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही.

बुधवारी साहेबांनी माझ्या कागदावर सही केली. मी धावतच गॅरेजवर गेलो आणि मिस्त्रींच्या पाया पडलो. ते संकोचून मागे सरले. “अरे, हात तेलकट आहेत.” मग विचारलं, “बापाला कळवलंस?”

“रविवारी निवांत लिहीन.”

“रविवारी?” त्यांनी पाना खाली ठेवला. “चल.”

दुपारची वेळ, दोन गाड्या उघड्या पडलेल्या, आणि मिस्त्री शेड पेद्रूवर सोपवून माझ्याबरोबर पोस्टात आले. कार्ड त्यांनीच घेतलं. मी काउंटरवर टेकून लिहिलं. चार ओळी. टाकायला निघालो तर ते म्हणाले, “काय लिहिलंस ते वाच की.”

मी वाचलं. “तीर्थरूप दादांस शिरसाष्टांग नमस्कार. आज माझी नोकरी कायम झाली. प्रकृती उत्तम आहे. आता काळजी करू नये.”

मिस्त्री खिडकीबाहेर बघत होते. “माझा पुतण्या आहे, तुझ्याएवढा. त्याचे आईबाप लहानपणीच गेले. मी शिकवला. बीए केला.” हातातल्या चिंध्यांनी ते एकेक बोट पुसत होते. “नागपूरला चांगल्या जागेवर आहे. तो कायम झाला, ते मला कणकवलीच्या मोटारीत कळलं. ड्रायव्हर म्हणाला, मिस्त्री, अभिनंदन. मी म्हटलं, कसलं?”

मागे रांगेत कुणीतरी खोकलं.

“पुन्हा वाच,” मिस्त्री म्हणाले. “पहिल्यापासून. तीर्थरूपापासून वाच.”